उंबऱ्याबाहेरची जागा

महाराष्ट्रातील वाड्यांच्या आणि शेतघरांच्या जुन्या रचनेत कुत्र्याचे स्थान उंबऱ्याबाहेर ठरलेले होते. ओसरीची पायरी, अंगणाचा कोपरा, खळे, गोठा किंवा धनगराच्या मेंढवाड्याची कड ही त्याची हक्काची जागा असे, आणि त्याने मलमूत्र कोठे विसर्जित करावे हा प्रश्न त्या घरांना कधी पडलाच नाही, कारण ते जनावर राहतच होते बाहेर. कुत्रा गुळगुळीत फरशीवर, आणि यथावकाश सोफ्यावर, येऊन बसला तो मुख्यतः शहरी मध्यमवर्गाच्या सदनिकांमध्ये. पण तो आत येईपर्यंत ‘बाहेर’ मात्र तीन, सात किंवा सतरा मजले खाली गेले होते. पिल्लाला घराबाहेर शी-शू करण्याची सवय लावणे, ज्यास येथे सोयीसाठी ‘शौचशिक्षण’ म्हटले आहे, अवघड ठरते ते या अंतरामुळे. पिल्लाला स्वच्छतेची उपजत जाण नसते हा समज चुकीचा असून ती जाण त्याच्या ठायी घरात येण्यापूर्वीच रुजलेली असते. तिला वेळेवर वाट करून देणे एवढेच काम माणसाकडे उरते, आणि बहुतेक घरे नेमकी तेथेच उणी पडतात.

नवजात पिल्लाला स्वेच्छेने लघवीदेखील करता येत नाही. पहिले सुमारे दोन आठवडे आई त्याचे ओटीपोट आणि शेपटीखालचा भाग जिभेने चाटते, त्या स्पर्शाने मूत्राशय व गुदद्वाराचे स्नायू आपोआप सैल होतात, आणि बाहेर पडलेले मलमूत्र आई गिळून टाकते. परिणामी पिल्ले जेथे झोपतात ती जागा कोरडी आणि जवळजवळ गंधहीन राहते. अशा क्रियेला, म्हणजे मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता स्पर्शासारख्या उद्दीपनाला शरीराने थेट दिलेल्या प्रतिसादाला, प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ही क्रिया मागे पडू लागते, पिल्लू स्वतःहून विसर्जन करू लागते आणि नीट चालताही येत नसताना धडपडत झोपण्याच्या जागेपासून चार पावले दूर जाते. ते त्याला कोणी शिकवलेले नसते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या अनेक पिढ्यांचे निरीक्षण करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो पिल्लांच्या वाढीच्या टप्प्यांसंबंधी आजही आधारभूत मानला जातो. या वाढीत साधारण आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास पिल्ले विसर्जनासाठी ठराविक जागा धरू लागतात आणि पायाखालच्या विशिष्ट पृष्ठभागाची, म्हणजे माती, गवत, कागद किंवा फरशी यांपैकी एकाची, त्यांना ओढ जडते. या ओढीला पृष्ठभाग-पसंती म्हणता येईल, आणि शौचशिक्षणातील निम्मी कोडी या एका संकल्पनेने सुटतात.

भारतात २०१७ साली लागू झालेल्या श्वानपैदास व विक्रीविषयक नियमांनी आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री निषिद्ध ठरवली आहे. या नियमाचा हेतू व्यापक असला तरी शौचशिक्षणाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की पिल्लू घरी येते त्याच सुमारास त्याची पसंती पक्की होत असते. ज्या पिल्लाने हे आठ आठवडे आईसह मोकळ्या, मातीच्या जागेत काढले, ते नव्या घरात लवकर रुळते. उलट, जे पिल्लू तारेच्या अरुंद पिंजऱ्यात, स्वतःच्या घाणीतच उठत-बसत वाढले, त्याची अंथरूण स्वच्छ ठेवण्याची उपजत प्रवृत्ती नाइलाजाने मोडून पडलेली असते, आणि ती पुन्हा उभी करण्यास आठवड्यांऐवजी महिने लागतात. पिल्लू निवडताना रंग, कान आणि कागदपत्रे पाहिली जातात. ते ज्या जमिनीवर वाढले ती जमीन क्वचितच कोणी पाहतो.

इच्छा असूनही लहान पिल्लाला फार वेळ थांबता येत नाही, कारण मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला आणि ते मिटून धरणारा परिसंकोची स्नायू, तसेच त्यावर ताबा ठेवणारी चेतायंत्रणा, पहिल्या काही महिन्यांत अपरिपक्व असते. पशुवैद्यक आणि प्रशिक्षक यासाठी एक ढोबळ हिशेब सांगतात: पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवल्यास जी संख्या येईल तितके तास ते जास्तीत जास्त थांबू शकते. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी ही मर्यादा तीन तासांची आहे, आणि ती कमाल मर्यादा आहे, वेळापत्रक नव्हे; जागे असलेले, खेळणारे, पाणी प्यालेले पिल्लू तासाभरातही दोनदा लघवी करू शकते. झोपेत मूत्र कमी तयार होत असल्यामुळे रात्रीचा पल्ला थोडा लांबतो, तरी पहिले काही आठवडे मध्यरात्री एकदा उठण्यावाचून गत्यंतर नसते. लघवी कमी व्हावी म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवण्याची युक्ती अनेक घरांत योजली जाते, परंतु विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत ती सरळसरळ धोक्याची आहे.

मलविसर्जनाचे वेळापत्रक याहून अधिक भरवशाचे असते. अन्न जठरात उतरताच मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. तान्हे मूल दूध पिता पिता लंगोट भरते त्यामागे हेच कारण आहे. पिल्लामध्ये जेवणानंतर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत या हालचालीचा परिणाम दिसतो. म्हणून ज्या घरात पिल्लाच्या जेवणाच्या वेळा ठरलेल्या आहेत त्या घरात शी होण्याच्या वेळाही ठरतात, आणि जेथे वाटी दिवसभर भरून ठेवली जाते, येणारा-जाणारा पोळीचा तुकडा टाकतो, तेथे कसलाच अंदाज बांधता येत नाही. झोपेतून उठल्यावर लगेच, जेवणानंतर, खेळ थांबताच आणि रात्री झोपण्यापूर्वी पिल्लाला बाहेर नेले पाहिजे. याखेरीज ते जमीन हुंगू लागले, गोल फिरू लागले किंवा खेळता खेळता एकाएकी कोपऱ्याकडे वळले तरी उचलावे. या गोल फिरण्यासंबंधी एक गमतीचे संशोधन आहे. चेक आणि जर्मन संशोधकांनी ३७ जातींच्या ७० कुत्र्यांच्या हजारो विसर्जनांची नोंद करून २०१३ साली असा निष्कर्ष मांडला, की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र स्थिर असताना कुत्री उत्तर-दक्षिण दिशेस शरीर धरून बसणे पसंत करतात. या कामाला पुढील वर्षी विनोदी पण खऱ्याखुऱ्या संशोधनासाठी दिले जाणारे ‘इग नोबेल’ पारितोषिक मिळाले. निष्कर्ष कितपत टिकेल हा भाग वेगळा. सोसायटीच्या आवारात पेंगुळलेल्या डोळ्यांनी उभ्या असलेल्या मालकाने पिल्लाला फिरून घेऊ द्यावे आणि पट्टा ओढू नये, एवढा बोध त्यातून निश्चित निघतो.

सवय लागण्याच्या प्रक्रियेचा विषय निघाला, की इव्हान पावलोव्ह आणि लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांचे नाव हमखास पुढे येते. पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी, आणि त्यांनी दाखवलेले अभिसंधान, म्हणजे एका उद्दीपनाशी दुसऱ्याची सांगड पडणे, शौचशिक्षणात दुय्यम भूमिका बजावते. विसर्जनास सुरुवात होत असतानाच हलक्या आवाजात ‘शू कर’ हे शब्द रोज उच्चारले गेले, तर काही आठवड्यांनी ते शब्द ऐकून पिल्लू कामाला लागते, एवढे त्या सांगडीचे श्रेय. खरे काम करतो तो एडवर्ड थॉर्नडाइक यांचा ‘परिणामाचा नियम’. खटक्याने उघडणाऱ्या पेटाऱ्यांत मांजरे ठेवून १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून थॉर्नडाइक यांनी दाखवले, की ज्या कृतीपाठोपाठ सुखद परिणाम येतो ती कृती प्राणी पुन्हा करतो. ‘पाठोपाठ’ हा येथे कळीचा शब्द आहे. पिल्लाने मातीत लघवी केली, मालक त्याला घेऊन लिफ्टने वर आला आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातून बिस्किट काढून दिले, तर पिल्लाच्या लेखी बक्षीस मिळाले ते घरात परतल्याबद्दल. खाऊ खिशातच असावा आणि क्रिया संपल्यावर एक-दोन सेकंदांत, त्याच जागेवर, कौतुकाच्या शब्दांसह मिळावा. याला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात. याच नियमाचा उलटा फटकाही बसतो: पिल्लाने लघवी करताच फिरणे संपवून घाईने वर नेणाऱ्या मालकाचे पिल्लू लवकरच फिरणे लांबवण्यासाठी लघवी रोखून धरायला शिकते, आणि मग अर्धा तास फिरून आल्यावर दिवाणखान्यातील गालिच्यावर मोकळे होते. त्यास हट्टी म्हणतात, पण हिशेब त्याचा बरोबर असतो.

शिक्षेचा विषय सविस्तर घ्यावा लागतो, कारण पिल्लाचे नाक त्याच्या लघवीत घासावे किंवा वर्तमानपत्राची सुरळी करून फटका द्यावा हा उपाय अजूनही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला जातो. पिल्लू मागे घडलेली कृती आणि आत्ता मिळणारी शिक्षा यांचा संबंध जोडू शकत नाही. ऐन क्रियेत पकडून ओरडल्यास संबंध जुळतो खरा, पण तो भलताच: माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, असा. असे पिल्लू पुढे पलंगाखाली किंवा पडद्यामागे जाऊन विधी उरकते आणि बाहेर नेल्यावर पट्टा धरणाऱ्या माणसासमोर काही केल्या करत नाही. तेव्हा घरात लपवाछपवी आणि बाहेर संप अशी जी जोडतक्रार ऐकू येते तिचे मूळ पिल्लाच्या स्वभावात नसून त्या फटक्यात असते. यावर मालकांचा ठरलेला युक्तिवाद असा, की ‘त्याला आपली चूक कळते, पाहा कसे अपराधी तोंड करून बसले आहे’. अमेरिकन संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात या अपराधी चेहऱ्याची परीक्षा घेतली. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, आणि परतलेल्या मालकाला त्याविषयी काय सांगितले गेले, या दोन गोष्टी आलटून-पालटून बदलल्या असता असे आढळले, की कान पाडणे, नजर चुकवणे, शेपटी आत घेणे हे सारे अपराधाशी नव्हे तर मालकाच्या रागावण्याशी निगडित होते. पिल्लाच्या चेहऱ्यावर दिसतो तो पश्चात्ताप नसून समोरच्या संतापाला घातलेली विनवणी असते. घरात चूक घडताना दिसल्यास हलकी टाळी वाजवून किंवा हाक मारून क्रिया थांबवावी, पिल्लाला उचलून बाहेर न्यावे आणि उरलेले तेथे झाल्यास शाबासकी द्यावी. चूक नंतर लक्षात आल्यास फडके घेऊन मुकाट्याने पुसावे.

चुका घडूच नयेत यासाठी पिल्लू नजरेआड होऊ न देणे हा सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत कंटाळवाणा उपाय आहे. घरात वावरताना त्याची दोरी कमरेला बांधून ठेवली, तर ते दुसऱ्या खोलीत गुपचूप जाऊ शकत नाही. लक्ष देणे शक्य नसेल त्या वेळेसाठी क्रेट, म्हणजे दार असलेला झोपण्याचा पिंजरा, वापरला जातो. ‘पिंजरा’ या शब्दाने मराठी घरात मन कचरते आणि ते समजण्यासारखे आहे, परंतु योग्य रीतीने वापरलेला क्रेट ही कोठडी नसून गुहा असते. पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढाच तो असावा, कारण त्याहून मोठा असल्यास पिल्लू एका कोपऱ्यात झोपते, दुसऱ्या कोपऱ्यात लघवी करते आणि अंथरूण स्वच्छ ठेवण्याच्या ज्या प्रवृत्तीवर सारी भिस्त आहे तीच निरुपयोगी ठरते. दोघेही नोकरीला जाणाऱ्या जोडप्याने पिल्लाला त्यात आठ तास कोंडावे असा याचा अर्थ मुळीच नाही. अशा घरात दुपारी येऊन पिल्लाला खाली नेणारे माणूस ठरवता येत नसेल, तर दोन महिन्यांचे पिल्लू आणणे लांबणीवर टाकलेले बरे.

शहरी घरांतील खरी अडचण लसीकरणाच्या काळात उभी राहते. पार्व्होव्हायरस हा १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला, पिल्लांना रक्ताची हगवण लावून मारणारा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो, आणि त्यावरील लसींची मालिका सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होऊन साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. म्हणजे सवय लावण्याचा उत्तम काळ आणि रस्त्यावरील जमीन टाळण्याचा काळ एकच असतो. अशा वेळी बहुतेक घरे वर्तमानपत्र पसरतात. कागद पिल्लाला पटकन पसंत पडतो आणि अडचण तेथेच सुरू होते, कारण पुढे तेच पिल्लू आजोबांनी खुर्चीशेजारी ठेवलेल्या ताज्या अंकावर तितक्याच निष्ठेने लघवी करते. बाथरूममध्ये सवय लावणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. बाथरूमची फरशी आणि दिवाणखान्याची फरशी पिल्लाच्या तळव्यांना सारखीच लागते, आणि दाराच्या चौकटीने अर्थ बदलतो हे त्याला कळण्याचे कारण नसते. याहून शहाणपणाचा मार्ग म्हणजे बाल्कनीत पसरट ट्रेमध्ये स्वच्छ माती किंवा हिरवळीचा तुकडा ठेवणे. त्यामुळे लसीकरण पूर्ण होईपर्यंत पायाला मातीची ओळख राहते, आणि मग ट्रेमधील थोडी गंधाळलेली माती खाली आवारातील ठरलेल्या जागी नेऊन टाकली, की पिल्लाला तो पत्ता नाकाने सापडतो.

हे नाक घरातल्या साफसफाईशीही निगडित आहे. लघवीतील युरियाचे जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, आणि माणसाला डाग दिसत नसला तरी कुत्र्याला तेथला वास ही नेमकी आपली जागा असल्याची खूण वाटते. म्हणूनच एकदा भिजलेल्या पायपुसण्यावर पुन्हा पुन्हा लघवी होते. अमोनियायुक्त द्रावणाने पुसणे म्हणजे ती खूण गडद करणे होय. फिनेलच्या उग्र वासाने माणसाचे समाधान होते, पण फिनॉल गटातील रसायने पिल्लाच्या तळव्यांना आणि जिभेला घातक ठरू शकतात. लघवीवर थेट ब्लीच ओतल्यास अमोनियाशी संयोग होऊन दाहक वायू तयार होतो, हेही ध्यानात असावे. लघवी आधी कोरड्या कापडाने टिपून घेऊन मग एन्झाइमयुक्त, म्हणजे गंधकारक सेंद्रिय पदार्थांचे विघटन करणारी जैव रसायने असलेल्या, द्रावणाने जागा धुणे हा योग्य क्रम आहे.

पावसाळा ही कोकणपट्टीतील प्रत्येक पिल्लाची परीक्षा असते. मुंबईत चार महिन्यांत दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पायाखाली चिखल व डोक्यावर धारा असताना अनेक पिल्ले आवारापर्यंत येऊन पोर्चमध्येच बसकण मारतात. उन्हाळ्यात सवय लागलेले पिल्लू जुलैत ती मोडते, याचे घरच्यांना नवल वाटते. वास्तविक त्याने ओले गवत हा पृष्ठभाग कधी पाहिलेलाच नसतो. मोठी छत्री, आडोशाची एखादी जागा आणि नेहमीपेक्षा चविष्ट खाऊ यांनी हे निभावते. साचलेल्या पाण्यात पिल्लाला उतरू न देणे मात्र आवश्यक आहे, कारण उंदीर व इतर प्राण्यांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो.

घरातील प्रत्येक लघवी ही शिक्षणातील त्रुटी नसते, हे ओळखता आले तर बराच अन्याय टळतो. पाहुणे येताच किंवा मालक अंगावर झुकताच जे पिल्लू वाकून, पोट दाखवून थेंब थेंब लघवी करते, ते शरणागती दर्शवत असते. ओरडल्याने ती वाढते, बाजूला वळून खाली बसल्याने आणि आवाज उतरवल्याने कमी होते. सहा महिने ते वर्षाच्या वयात नर कुत्रा पाय वर करून भिंतीवर, फर्निचरवर चिमूटभर लघवी करू लागतो तेव्हा तो हद्द आखत असतो. निर्बीजीकरणाने पुष्कळ नरांत हे कमी होते. नीट सवय लागलेल्या कुत्र्याने एकाएकी घरात, विशेषतः वारंवार आणि थोडी थोडी, लघवी सुरू केल्यास मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार यांची शक्यता असते, आणि तेथे प्रशिक्षकाआधी पशुवैद्य गाठावा. मराठी घरांत एके काळी घरोघरी दिसणाऱ्या पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या जातींना पूर्ण सवय लागायला लॅब्राडॉरपेक्षा अधिक वेळ लागतो. मूत्राशय लहान असणे हे एक कारण, आणि चमचाभर लघवीकडे माणसे काणाडोळा करतात हे दुसरे.

सर्वसाधारणपणे चार ते सहा महिन्यांच्या वयापर्यंत पिल्लू भरवशाचे होते आणि दाराशी जाऊन कुरकुरू लागते. घराचा प्रश्न येथे मिटतो आणि आवाराचा सुरू होतो. न्यूयॉर्क शहरात १ ऑगस्ट १९७८ पासून कुत्र्याची विष्ठा मालकाने उचलण्याचा कायदा लागू झाला. मुंबई महानगरपालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींतही पाळीव प्राण्यांच्या घाणीबद्दल दंडाची तरतूद आहे. सोसायट्यांच्या सभांत कुत्र्यांचा विषय निघतो तेव्हा वाद भुंकण्यावरून किंवा लिफ्टवरून सुरू झाला तरी बहुधा विष्ठेवर येऊन ठेपतो, आणि या तक्रारीत वैद्यकीय तथ्यही आहे. पिल्लांच्या आतड्यात सर्रास आढळणाऱ्या टॉक्सोकारा या गोल कृमीची अंडी विष्ठेतून मातीत उतरतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात गेल्यास अळ्या यकृतापर्यंत, क्वचित डोळ्यांपर्यंत पोहोचतात. तथापि ही अंडी बाहेर पडताक्षणी संसर्गक्षम नसतात. त्यांना मातीत दोन ते चार आठवडे जावे लागतात, म्हणून त्याच दिवशी उचललेल्या विष्ठेतून हा धोका जवळजवळ उरत नाही. पट्ट्याला पिशव्यांची गुंडाळी अडकवावी, पिल्लाला पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित जंतनाशक द्यावे, आणि आवारात मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून व पाण्याच्या टाकीपासून दूर, झाकणाच्या कचरापेटीसह एक मातीचा तुकडा यासाठी राखून ठेवावा. त्याचे आकारमान दोन मोटारींच्या पार्किंगहून अधिक असण्याची गरज नसते.